वर्षाला चोवीस विमानं

१७ ऑक्टोबरला नाशिकजवळच्या ओझरहून तेजस मार्क-१ए विमान उडालं, ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. बेंगळुरूच्या बाहेर जुळणी होऊन उडालेलं हे पहिलं तेजस. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, बेंगळुरूत तेजसच्या दोन असेंब्ली लाइन आहेत. ओझरची ही तिसरी. बेंगळुरूची क्षमता वर्षाला १६ विमानांची, नाशिकची ८. एकूण २४.

आमच्या अमरगोळला एपीएमसी यार्ड आहे, हे हुबळी-धारवाडच्या मंडळींना सांगायला नको. तिथल्या चहाच्या गाड्यावर दुसऱ्या दिवशी हाच विषय होता. एक अडते काका म्हणाले, "वर्षाला आठ? म्हणजे महिन्याला एकसुद्धा नाही? धारवाडच्या कारखान्यातून नव्या बस रांगेनं बाहेर पडताना दिसतात की. एवढ्या मोठ्या सरकारी कंपनीला महिन्याला एक विमान जमू नये?"

प्रश्न रास्त आहे. मे महिन्यातल्या ऑपरेशन सिंदूरनंतर आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कोणतं विमान कोणाला भारी, यावर शेकडो मेसेज झाले. विमान किती वेगानं उडतं यावर सगळे बोलतात. ते किती वेगानं बनतं यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि हवाई दलाची आजची खरी अडचण ही दुसरी आहे. मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रन. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यावर उरल्या २९.

काकांना समजावताना मी यार्डाचंच उदाहरण घेतलं. हंगामात मिरचीच्या दोनशे गाड्या आल्या, हमाल भरपूर आहेत, व्यापारी तयार आहेत, पण वजनकाटा एकच चालू आहे. मग दिवसाला किती माल उठणार? काट्यावरून जाईल तितकाच. हमाल दुप्पट केले तरी उपयोग नाही. तेजसचे पंख कोईमतूरला एल अँड टीमध्ये बनतात. मधला सांगाडा हैदराबादला व्हीईएम टेक्नॉलॉजीज बनवते, मागचा बेंगळुरूची अल्फा टोकॉल. रडार इस्रायली तंत्राचं. हे सगळं ठरलेल्या क्रमानं एका छपराखाली यायला हवं. एक नग उशिरा आला की बाकीचे सगळे त्याची वाट बघत उभे.

या घडीला काट्यावर अडकलंय ते इंजिन. तेजसचं इंजिन एफ-४०४-आयएन२० हे अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक, म्हणजे जीई, बनवते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं ८३ मार्क-१ए विमानांची ऑर्डर दिली आणि त्याच वर्षी एचएएलनं जीईकडे ९९ इंजिनं मागवली. पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा दोन वर्षं उशिरा. विमानांचे सांगाडे तयार आणि इंजिनं नाहीत, अशी अवस्था झाली. हे लिहीत असेपर्यंत आलेली इंजिनं हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि ८३ पैकी एकही मार्क-१ए हवाई दलाच्या ताब्यात गेलेलं नाही.

आपल्याकडे यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. एक, अमेरिकेनं मुद्दाम अडवलं. दोन, एचएएल म्हणजे सरकारी काम, दुसरं काय होणार. दोन्हींत सोय आहे, कारण पुढे विचार करावा लागत नाही. प्रत्यक्षात घडलं ते वेगळं. तेजसच्या पहिल्या आवृत्तीसाठी जीईनं २०१६ पर्यंत ६५ इंजिनं दिली. पुढची ऑर्डर दिसेना, म्हणून या इंजिनाची लाइन बंद केली. पाच वर्षांनी आपली ऑर्डर गेली तेव्हा ती लाइन पुन्हा उभी करायची होती. लाइन म्हणजे फक्त शेड आणि यंत्रं नव्हेत. इंजिनाचे सुटे भाग पुरवणारे छोटे पुरवठादार पाच वर्षांत दुसऱ्या कामांना लागले होते. मध्ये कोविड येऊन गेला होता. हाताला सवय असलेली माणसं निवृत्त झाली होती किंवा दुसरीकडे गेली होती.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. वर्षाला किती विमानं, हा आकडा कारखान्याच्या आकारावरून ठरत नाही. ऑर्डरी सलग येतात की तुटक, यावरून ठरतो. बंद पडलेली लाइन नळासारखी फिरवून चालू करता येत नाही.

हे सर्वात स्पष्ट दिसतं ते ओझरलाच. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये ओझरला मिग-२१ चा कारखाना आला. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी तेव्हाची वाटणी. एचएएलनं सहाशेहून जास्त मिग-२१ बांधली. म्हणजे आज वर्षाला आठची चर्चा करणाऱ्या या देशानं साठ-सत्तरच्या दशकांत, आजच्यापेक्षा कितीतरी कमी साधनांत, याहून मोठा वेग गाठलेला आहे. विमान साधं होतं, रशियन आराखडा तयार होता, हे खरंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिग-२१ च्या एका आवृत्तीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, मग मिग-२७, असं काम येत राहिलं. ओझरच्या कामगार वसाहतीत एक पिढी भरती झाली, तिनं दुसरीला शिकवलं.

नव्वदच्या दशकात मिग-२७ संपली आणि पहिला खंड पडला. मधल्या वर्षांत जुन्या मिग-२१ ना बायसन करण्याचं, म्हणजे नवीन रडार आणि क्षेपणास्त्रं बसवण्याचं काम मिळालं, त्यावर कारखाना तरला. डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआयचा परवाना मिळाला आणि २००४ मध्ये ओझरहून पहिली सुखोई निघाली. पुढे भरभराटीच्या वर्षांत वर्षाला डझनभर. एकूण २२२ सुखोई एचएएलनं बांधल्या. ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुखोईखाली लावायचं कामही तिथलंच. अडीच टनांचं धूड विमानाच्या पोटाखाली टांगायचं म्हणजे सांगाडा मजबूत करावा लागतो, वायरिंग बदलावं लागतं. जून २०१६ मध्ये अशी पहिली सुखोई नाशिकहूनच उडाली. सिंदूरमध्ये ब्राह्मोसचं नाव घराघरांत पोचलं. त्यामागचं नाशिकचं काम फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग २०२० च्या सुमाराला सुखोईची ऑर्डर संपली. ओव्हरहॉल चालू होतं, पण नवी बांधणी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा सुमारे साडेतेरा हजार कोटींचा करार झाला आणि आता तेजस. मध्ये चार-पाच वर्षं गेलीच. त्या वर्षांत ओझरला अनुभवी हात होते, हँगर होते, आणि तेव्हाच देशाच्या स्क्वाड्रन कमी होत होत्या. तिसरी लाइन २०२५ ऐवजी २०२१ ला तिथे का नव्हती, हा प्रश्न मला इंजिनाच्या उशिरापेक्षा जास्त बोचतो, कारण हा निर्णय पूर्णपणे आपल्या हातात होता.

उलट उदाहरण फ्रान्सचं. राफेल बरीच वर्षं कुणी परदेशी देश घेत नव्हता. पहिली निर्यात ऑर्डर इजिप्तची, २०१५ मधली. तोपर्यंत दासो कंपनीनं वर्षाला ११, म्हणजे महिन्याला जेमतेम एक, असा वेग धरून ठेवला. याहून कमी केलं तर लाइन आणि पुरवठादार टिकणार नाहीत, हा त्यांचा हिशोब होता. फ्रेंच सरकारनं त्यासाठी पैसे मोजले. तेव्हा त्यांच्याकडेही टीका झालीच असणार. पण इजिप्त, कतार, भारत अशा ऑर्डरी आल्या तेव्हा लाइन जिवंत होती. २०२३ मध्ये १३ विमानं दिली, २०२४ मध्ये २१, आणि आता महिन्याला तीनचं लक्ष्य आहे. गंमत म्हणजे त्या वाढीव वेगासाठी ते भारताकडे वळले. जून २०२५ मध्ये राफेलचे सांगाडे हैदराबादला टाटांकडे बनवण्याचा करार झाला.

आपण मात्र हाच धडा एकदा आधीही शिकलो होतो. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली एचएएलनं एचएफ-२४ मारुत बनवलं, ते १७ जून १९६१ ला उडालं. दिसायला देखणं, बांधणीला दणकट, पण हवं ते इंजिन कधीच मिळालं नाही. सुमारे दीडशे बांधून थांबलो. त्याच्या पुढची आवृत्ती आली नाही, आराखडा करणारी माणसं पांगली. १९८४ मध्ये तेजससाठी नवी संस्था उभारली तेव्हा लढाऊ विमानाचा आराखडा कसा करतात, हे जवळपास पहिल्यापासून शिकावं लागलं. ते विमान उडायला ४ जानेवारी २००१ उजाडलं. आणि ही सगळी कंपनी मुळात १९४० मध्ये बेंगळुरूत काढली कुणी, तर सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं. सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेले आपल्या मंडळात बरेच आहेत, त्यांना हे आवडेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत फोर्डच्या विलो रन कारखान्यातून तासाला एक बॉम्बर विमान बाहेर पडत होतं. मग आज का जमत नाही, असं कुणीही विचारेल. तेव्हाचं विमान म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेट. तेजसचा मोठा भाग कार्बन फायबरचा. कापडासारखे थर एकावर एक ठेवायचे, मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली तासन् तास भाजायचे, मग आत कुठे बुडबुडा राहिला का ते अल्ट्रासाऊंडनं तपासायचं. आपल्या घरातल्या कुकरसारखंच. शिट्ट्या मोजून झाल्याशिवाय झाकण उघडता येत नाही.

छोट्या पुरवठादाराकडे हा खंड कसा दिसतो ते मी घरात पाहिलं आहे. माझ्या मामांचं तारिहाळला वर्कशॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हची जॉबवर्क हे त्यांचं मुख्य काम. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराकडून त्यांना विमानाच्या सुट्या भागांच्या फिक्श्चरचं काम मिळालं. त्यासाठी कर्ज काढून चांगलं सीएनसी मशीन घेतलं, मोजमापाची खोली एसी करून घेतली, धातूच्या प्रत्येक तुकड्याचा कागद जपायला एक मुलगी ठेवली. पहिले दोन लॉट गेले. मग ऑर्डर "होल्ड"वर. कारण कुणी सांगितलं नाही. बहुधा वर कुठेतरी दुसराच भाग अडला होता. दीड वर्षात हप्ते थांबले नाहीत. मशीनवर तयार झालेला गदगचा मुलगा पुण्याला गेला. पुढे त्या पुरवठादारानं पुन्हा विचारलं तेव्हा मामांनी नकार दिला. मला म्हणाले, "मशीन थांबून राहतं रे, माणूस नाही राहत." आता ते त्या मशीनवर पुन्हा व्हॉल्व्हच काढतात, कारण ट्रॅक्टर आणि पंपवाल्यांची ऑर्डर लहान असली तरी दर महिन्याला येते.

बेळगावच्या हत्तरगीला एकस कंपनीच्या वसाहतीत एअरबससारख्या प्रवासी विमानांचे भाग बनतात, पुणे-बेंगळुरू हायवेवरून जाताना ती दिसते. तिथलं काम का टिकलं याचं उत्तर मामांच्या उलट आहे. प्रवासी विमानांच्या ऑर्डरी अनेक वर्षांच्या रांगेत उभ्या असतात, त्यामुळे पुरवठादाराला पुढच्या वर्षीचं काम दिसतं.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, विमानाच्या नव्हे, बँकांच्या. पण अमेरिकेच्या एफ-३५ चं जे झालं ते वाचून आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. जुलै २०२३ ते जुलै २०२४ असं वर्षभर अमेरिकी सरकारनं नवीन एफ-३५ ताब्यातच घेतली नाहीत. विमानं बनत होती, टेक्ससमध्ये फोर्ट वर्थला कारखान्याच्या आवारात रांगेनं उभी राहत होती. अडलं होतं टीआर-३ नावाच्या नव्या संगणक प्रणालीचं सॉफ्टवेअर. शेवटी अर्धवट सॉफ्टवेअरसह ती घेतली, प्रत्येक विमानामागे काही पैसे रोखून, आणि आधी प्रशिक्षणासाठी वापरली. "रिलीज करा, फीचर्स पुढच्या पॅचमध्ये देऊ" हे वाक्य लढाऊ विमानाबद्दल ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

मार्क-१ए मध्येही इंजिनाच्या मागोमाग हाच काटा आहे. नवीन रडार, इलेक्ट्रॉनिक युद्धाची यंत्रणा आणि अस्त्र क्षेपणास्त्र यांचं एकमेकांशी बोलणं सिद्ध व्हायला हवं, प्रत्यक्ष डागून दाखवायला हवं. नुसतं उडालेलं विमान आणि लढायला तयार विमान यांत हेच अंतर आहे. ओझरचं उड्डाण मोठी गोष्ट आहे, पण ती बातमी वाचताना हे अंतर लक्षात ठेवलेलं बरं.

क्षमतेच्या गप्पांत आणखी एक आकडा विसरला जातो. ताफ्यातली किती विमानं आज सकाळी उडू शकतात? २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी एफ-३५ साठी हा आकडा सुमारे ५५ टक्के सांगितला. जगातलं सर्वात महागडं शस्त्र, आणि जवळपास निम्मी जमिनीवर. आपल्या सुखोईची स्थितीही एके काळी अशीच होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले तेव्हा सुमारे निम्म्याच सुखोई उडण्याजोग्या असत. पर्रीकर आयआयटीचे इंजिनीअर, त्यांनी नव्या खरेदीइतकंच सुट्या भागांच्या मागे लागणं पत्करलं आणि तो आकडा साठच्या पलीकडे गेला. दहा टक्के वाढ म्हणजे अडीचशेच्या ताफ्यात पंचवीस विमानं. नाशिकच्या लाइनची तीन वर्षांची कमाई, एकही नवं विमान न बांधता.

हे सगळं आकड्यांचं राहत नाही. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असेल. पण तेजस वेळेवर आलं असतं तर मिग-२१ ला २०२५ पर्यंत ओढावं लागलं नसतं, याबद्दल हवाई दलात फारसं दुमत ऐकलेलं नाही.

पुढचा हिशोब कागदावर मांडून पाहा. २५ सप्टेंबरला आणखी ९७ मार्क-१ए ची ६२,३७० कोटींची ऑर्डर झाली, म्हणजे एकूण १८०. वर्षाला खरोखर २४ निघाली तर साडेसात वर्षं. १६ निघाली तर अकरा वर्षांहून जास्त. दरम्यान जॅग्वारच्या सहा स्क्वाड्रन वयोमानानं बाहेर पडणार. त्या भरून काढायला शंभरेक विमानं लागतील, म्हणजे २४ च्या वेगानं चार वर्षांहून अधिक काळ आपण फक्त जागच्या जागी असू. मिराज आणि मिग-२९ त्यानंतर.

नव्या ९७ विमानांची डिलिव्हरी २०२७-२८ ला सुरू होऊन सहा वर्षांत संपायची आहे. म्हणजे २०३३-३४ च्या सुमाराला ओझरची लाइन पुन्हा रिकामी. तिच्यावर पुढे चढायचं ते तेजस मार्क-२. ते विमान अजून एकदाही उडालेलं नाही. त्याचं इंजिन वेगळं आहे, एफ-४१४, पुन्हा जीईचंच. ते भारतात बनवण्याच्या सामंजस्य करारावर जून २०२३ मध्ये सह्या झाल्या. किमतीची आणि तंत्रज्ञानाची बोलणी अजून चालू आहेत.